एकांड्या शिलेदाराची दंतकथा

६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तेव्हापासून एक गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाऊ लागली. विद्यार्थी ती सांगतात, डॉक्टर सांगतात, व्याख्यानांत तर तिला हमखास टाळ्या पडतात. शिमोन साकागुची नावाच्या एका जपानी तरुणाला कळले, की शरीराच्या संरक्षक पेशींत काही पेशी अशाही असतात, ज्यांचे काम लढण्याचे नसून लढणाऱ्यांना आवरण्याचे असते. त्या नसल्या की कुंपणच शेत खाऊ लागते. सांधे, स्वादुपिंड, थायरॉइड अशा आपल्याच अवयवांवर आपल्याच टी-पेशी तुटून पडतात आणि स्वयंप्रतिकार रोग जडतो. तरुणाने हे जगाला सांगितले. जगाने कानांवर हात ठेवले. प्रस्थापितांनी त्याची वाट अडवली, पण पठ्ठ्या डगमगला नाही. शेवटी १९९५ साली त्याने त्या पेशी हुडकून दाखवल्या आणि तीस वर्षांनी जगाला त्याच्यापुढे मान लवावी लागली.

या पूर्वपक्षाच्या हाती खणखणीत पुरावे आहेत. कच्च्या प्रतिपक्षाला लोळवण्यात पुरुषार्थ नसतो, म्हणून ते मीच आधी मांडतो. १९८०च्या दशकात 'दडपणाऱ्या पेशी' हा शब्द प्रतिकारशास्त्रात खरोखरच बदनाम झाला होता. १९८८ साली स्वीडनचे योरान मोलर यांनी अशा पेशी मुळात अस्तित्वात आहेत का, हा प्रश्नच एका लेखाचा मथळा केला होता. साकागुचींची वाटही सरळ नव्हती. नागोयातील कर्करोग संशोधन केंद्र, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड आणि ला होयातील स्क्रिप्स संस्था, परत जपानमध्ये टोकियोतील वार्धक्यविज्ञान संस्था, अशी भटकंती करून ते क्योतो विद्यापीठात प्राध्यापक झाले तेव्हा १९९९ साल उजाडले होते. तोवर वयाची ४८ वर्षे झाली होती. नोबेल मिळाले ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी. एवढे सगळे खरे असताना गोष्टीत खोटे ते काय उरले?

खोटा आहे तो निष्कर्ष. जग आंधळे होते आणि एकटा डोळस होता, असा अर्थ या घटनांतून काढायचा असेल तर त्यांतल्या निम्म्या घटना गाळाव्या लागतात. त्या गाळलेल्या घटना परत जागेवर ठेवल्या की वेगळेच चित्र दिसते. माझे म्हणणे असे आहे, की ज्या संशयाला ही गोष्ट खलनायक ठरवते, तो संशय त्या काळी रास्त होता. साकागुचींचा शोध त्या संशयाला न जुमानता उभा राहिलेला नाही. त्या संशयाची एकेक अट पुरी करत तो उभा राहिला. आणि शेवटची अट पुरी झाली ती त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर एका आजारी उंदराच्या जनुकात. वाचकांनी पुरावा पाहून निवाडा करावा.

आधी संशय आला कुठून ते पाहू. १९७० साली येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी दाखवले, की टी-पेशी प्रतिकार वाढवतात तसा तो थोपवूही शकतात. कल्पना विलक्षण होती. पुढच्या दहा वर्षांत तिच्यावर अक्षरशः इमले चढले. एक दडपणारी पेशी दुसरीला जागी करते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी प्रत्यक्ष दडपते, अशा साखळ्या मांडल्या गेल्या. पेशींनी सोडलेल्या अनेक 'घटकां'ना नावे मिळाली. मात्र त्यांपैकी एकही घटक कुणाला शुद्ध रूपात बाटलीत धरता येत नव्हता. तरी सगळ्यांचा भरवसा एका खुणेवर होता. तिचे नाव आय-जे. १९७६ साली अमेरिकेतील आणि जपानमधील प्रयोगशाळांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने ही खूण दडपणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर दाखवली. जपानी गटाचे नेते होते तोमिओ तादा. हा मोठा विद्वान माणूस. पुढे त्यांनी नो नाटकेही लिहिली. उंदरांच्या जातींच्या संकरांवरून आय-जेच्या जनुकाचा पत्ताही ठरवण्यात आला: सतराव्या गुणसूत्रावर, आय-ए आणि आय-ई या दोन जनुकविभागांच्या मध्ये.

म्हणजे सातबारा तयार होता. चतुःसीमा लिहिलेल्या होत्या, मालकाचे नाव लागलेले होते, त्या उताऱ्याच्या भरवशावर वर्षानुवर्षे व्यवहार चालू होते. मोजणी तेवढी राहिली होती.

ती १९८२-८३ साली झाली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेत मायकेल स्टाइनमेट्झ, मिचेल क्रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्या भागातील डीएनए तुकड्यातुकड्याने वेगळा करून वाचला. आय-ए सापडले. आय-ई सापडले. त्यांच्यामध्ये आय-जे जिथे असायला हवे तिथे त्याला मावेल एवढी जागाच नव्हती. उताऱ्यावर शेत होते, पण बांधाला बांध लागलेला होता. पाठोपाठ दुसरा धक्का बसला. 'दडपणाऱ्या टी-पेशी' म्हणून प्रयोगशाळांनी वाढवलेल्या संकर-पेशी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींत टी-पेशीची ओळखच असलेल्या ग्राहीचे जनुक जुळून आलेले नव्हते. जमीन गेली आणि खातेदाराची ओळखही संशयात सापडली.

आता मी विचारतो, अशा वेळी विज्ञानाने काय करायला हवे होते? शेकडो निबंध ज्या खुणेवर उभे होते ती खूण जनुकपातळीवर नाहीशी झाल्यावरही 'कल्पना सुंदर आहे, चालू द्या' असे म्हणायला हवे होते का? दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यायले, तर त्याला दुष्ट कोण म्हणेल?

त्यातच दुसरीकडून एक भक्कम पर्यायही पुढे आला होता. १९८७ साली डेन्व्हर येथे जॉन कॅप्लर आणि फिलिपा मॅरॅक यांनी दाखवून दिले, की स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या टी-पेशी थायमस ग्रंथीत पक्व होतानाच नष्ट केल्या जातात. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची ती ग्रंथी, जिथे टी-पेशींचे शिक्षण होते. हा नुसता तर्क नव्हता, डोळ्यांनी मोजता येणारी गोष्ट होती: विशिष्ट ग्राही असलेल्या पेशी थायमसमधून बाहेर पडतच नव्हत्या. धोकादायक शिपायांना प्रशिक्षण केंद्रातच कमी केले जात असेल, तर बाहेर त्यांच्यावर पहारा ठेवणारे वेगळे दल कशासाठी मानायचे? शंका वाजवी होती. तिला पूर्वग्रह म्हणणे हा त्या काळच्या संशोधकांवर अन्याय आहे.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, 'पण शेवटी गर्शन आणि तादाच खरे ठरले ना? दडपणाऱ्या पेशी निघाल्याच ना?' हा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो. नीट पाहा. १९७०च्या दशकातील दडपणारी पेशी मुख्यतः आज ज्यांना सीडी८ म्हणतात त्या वर्गातील होती; साकागुचींची पेशी सीडी४ वर्गातील आहे. जुनी पेशी द्रवात मिसळणाऱ्या घटकांनी काम करते असे मानले होते. साकागुचींची पेशी परीक्षानळीत समोरच्या पेशीच्या सान्निध्यात असेल तरच काम करताना दिसली. जुनीची खूण आय-जे, जी अस्तित्वातच नाही. नवीची खूण सीडी२५, म्हणजे इंटरल्यूकिन-२ या वाढीच्या रसायनाच्या ग्राहीचा एक भाग, जो हातात धरता येतो. दोघींत समान काय? 'आवरणारे कुणीतरी असले पाहिजे' ही कल्पना. कल्पनेचे श्रेय गर्शन यांना जरूर द्यावे. पण कल्पना बरोबर निघाली म्हणून तिच्यासाठी दिलेला चुकीचा पुरावा मागाहून बरोबर ठरत नाही. विहीर इथे लागेल असे दोघांनी सांगितले आणि एकाचे पाणी दुसऱ्याच वावरात लागले, तर पहिल्याच्या खड्ड्यात पाणी येत नाही.

आता 'एकटा' या शब्दाकडे वळतो. साकागुची क्योतोतील आपले शिक्षण बाजूला ठेवून नागोयाला गेले ते कुणाकडे? यासुआकी निशिझुका यांच्याकडे. निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ सालीच एक चमत्कारिक निरीक्षण छापले होते. मादी उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर पुढे तिचे अंडाशय नासतात. सातव्या दिवशी काढली तर काही होत नाही. सुरुवातीला हा संप्रेरकांचा खेळ असावा अशी शंका होती. पुढे उलगडले ते असे, की ही प्रतिकार यंत्रणेचीच करणी आहे. विचित्र गोष्ट ही, की टी-पेशींचा कारखाना बंद केल्यावर हल्ला कमी होण्याऐवजी सुरू होत होता! साकागुचींची बुद्धिमत्ता दिसते ती या विसंगतीवर बोट ठेवण्यात. त्यांचे उत्तर असे: हल्लेखोर पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात, आवरणाऱ्या पेशी थोड्या उशिरा. तिसऱ्या दिवशी दार लावले की पहिल्या बाहेर राहतात आणि दुसऱ्या आतच अडकतात.

वाट चालणारे आणखीही होते. विल्यम पेनहेल यांनी १९७०च्या दशकात उंदीरवर्गातील मोठ्या रॅट प्राण्यांत थायमस काढून आणि किरणोत्सर्ग देऊन थायरॉइडचा रोग निर्माण केला आणि निरोगी प्राण्याच्या लसीकापेशी देऊन तो थोपवला. १९९० साली ऑक्सफर्डमध्ये फियोना पॉव्री आणि डॉन मेसन यांनी सीडी४ पेशींचे दोन गट पाडले. एक गट एकटा दिला तर प्राणी खंगत गेले, दोन्ही दिले तर वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एथन शेव्हॅक तर उघड संशयवादी होते. त्यांनी साकागुचींचे काम स्वतः करून पाहायचे ठरवले. १९९८ साली अँजेला थॉर्नटन यांच्यासह त्यांनी परीक्षानळीत दाखवले, की सीडी२५ असलेल्या पेशी इतर टी-पेशींना खरोखर आवरतात. त्याच वर्षी साकागुचींच्या गटानेही तेच दाखवले. संशयवाद्याने स्वतः हात घालून केलेली खात्री शंभर भक्तांच्या साक्षीपेक्षा मोलाची असते. आणि हो, १९९५च्या त्या प्रसिद्ध निबंधावर साकागुचींच्या नावाखालोखाल नोरिको साकागुची हे नाव आहे. त्या त्यांच्या पत्नी आणि त्याच प्रयोगशाळेतील संशोधक. एकांड्या शिलेदाराच्या गोष्टीत त्यांना जागा नाही. ती कशी असणार?

जगाने कानांवर हात ठेवले, या विधानाची तपासणी तर एका वाक्यात होते. त्यांचे १९८२ आणि १९८५चे निबंध 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मध्ये छापून आले, जे या विषयातील सर्वांत कडक नियतकालिकांपैकी एक आहे, आणि अमेरिकेतील वास्तव्यात त्यांना ल्युसिल मार्की न्यासाची दीर्घ मुदतीची शिष्यवृत्ती होती. वाट अडवणारे जग असे वागते?

पण पूर्वपक्षाची सर्वांत मोठी चूक अजून पुढेच आहे. ती म्हणजे १९९५ साली सगळे सिद्ध झाले आणि नंतर जनुकशास्त्राने फक्त शिक्का मारला, हा समज.

१९९५चा प्रयोग सुंदर होता, यात वाद नाही. निरोगी उंदराच्या पेशींच्या मिश्रणातून सीडी२५ असलेल्या पेशी काढून टाकायच्या. सीडी४ पेशींत त्यांचे प्रमाण जेमतेम ५ ते १० टक्के. उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदराला द्यायच्या. जठर, थायरॉइड, अंडाशय अशा अनेक अवयवांवर हल्ला सुरू होतो. काढलेल्या पेशी लगेच परत दिल्या तर होत नाही. काढले तर रोग, परत दिले तर बचाव. तर्काच्या दृष्टीने याहून स्वच्छ रचना शोधून सापडायची नाही.

तरीही एक फट होती. सीडी२५ ही फक्त या पेशींची खूण नाही. कुठलीही टी-पेशी शत्रू दिसून चेतवली गेली की तिच्या अंगावर सीडी२५ येते. मग संशयवादी विचारणारच: ही वेगळी जात आहे कशावरून? की नुकत्याच चेतवल्या गेलेल्या साध्याच पेशी आहेत, ज्या इंटरल्यूकिन-२ गिळून टाकतात आणि म्हणून शेजारणी उपाशी राहतात? गणवेश सगळेच घालत असतील, तर गणवेशावरून दल ओळखायचे कसे? अंगावरची खूण या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हती. पेशीच्या आत डोकावणे भाग होते.

ते उत्तर ज्या दिशेने आले तिकडे साकागुचींचे लक्षही नव्हते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे, अणुबॉम्बच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत, किरणोत्सर्गाचे परिणाम अभ्यासण्यासाठी उंदरांच्या वसाहती पाळल्या होत्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे आपोआप एक विकृती उपजली. काही नर पिलांची कातडी खवल्यांची, प्लीहा आणि लसीकाग्रंथी सुजलेल्या, आणि आयुष्य तीन-चार आठवड्यांचे. नाव पडले स्कर्फी. नरांनाच होते म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर, इतके तेव्हाच कळले. पुढे दशकानुदशके ती वंशावळ सांभाळली गेली. कशासाठी, हे सांभाळणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. (मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त आदर वाटतो तो या निनावी पिंजरेवाल्यांचा.)

१९९०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल येथे एका जैवतंत्रज्ञान कंपनीत मेरी ब्रंकाओ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी तो उंदीर हाती घेतला. कंपनीला स्वयंप्रतिकार रोगांवर औषध हवे होते, आवरणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत नियामक, पेशींचे तत्त्वज्ञान नको होते. एक्स गुणसूत्र सुमारे १७ कोटी अक्षरांचे. ही मोजणी साखळी ओढत करावी लागली. वंशावळी जुळवत त्यांनी शोधाचा पट्टा सुमारे ५ लाख अक्षरांवर आणला. त्या पट्ट्यात २० संभाव्य जनुके निघाली. एकेक तपासत गेले. एकोणीस निर्दोष होती. विसाव्यात दोन अक्षरे जास्त घुसलेली होती, आणि तेवढ्याने पुढचा सगळा मजकूर सरकून प्रथिन तुटके निघत होते. जनुकाला नाव दिले फॉक्सपी३. जानेवारी २००१च्या 'नेचर जेनेटिक्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच अंकात हेही आले, की माणसांतील आयपेक्स नावाचा दुर्मीळ रोग याच जनुकाच्या बिघाडाने होतो. तान्ह्या मुलग्यांना होणारा हा रोग. जुलाब थांबत नाहीत, कातडी सोलपटते, पाळण्यातल्या बाळाला मधुमेह होतो, आणि अस्थिमज्जेचे रोपण झाले नाही तर बहुतेकदा मूल लहानपणीच दगावते.

२००३ साली तीन प्रयोगशाळांनी धागे जुळवले: साकागुचींची, अलेक्झांडर रुडेन्स्की यांची आणि रॅम्सडेल यांची. सीडी४ पेशींत फॉक्सपी३ मुख्यतः सीडी२५ असलेल्या नियामक पेशींतच चालू असते. नुसत्या चेतवलेल्या पेशींत ते तसे नसते. गणवेशाचा प्रश्न सुटला. दल खरेच वेगळे होते.

आता दोन कहाण्या शेजारी ठेवा. आय-जेची कसोटी जनुकावर लागली आणि ती बुडाली. नियामक पेशीची कसोटीही जनुकावरच लागली आणि ती तरली. उताऱ्यावर नाव होते तिथे जमीन निघाली, चतुःसीमांसकट. १९८३चा न्यायाधीश आणि २००३चा न्यायाधीश एकच आहे. पहिल्या निकालाला जुलूम म्हणायचे आणि दुसऱ्याला विजय, हे कसे चालेल? स्टॉकहोमच्या समितीने पारितोषिकाचे तीन समान भाग केले: ब्रंकाओ, रॅम्सडेल, साकागुची. आपल्या गोष्टीत मात्र पहिल्या दोघांबद्दल उरले ते एवढेच, की एकीला स्वीडनहून आलेला फोन फसवा वाटला आणि दुसरा डोंगरात भटकत होता.

दंतकथेचा आणखी एक दोष असा, की ती साकागुचींनाच लहान करते. एका कल्पनेचा आयुष्यभर ध्यास घेतलेला हट्टी माणूस, असे त्यांचे चित्र उभे राहते. त्यांच्याच प्रयोगशाळेतील एसकेजी उंदराकडे पाहा. या उंदरांना मोठेपणी आपोआप संधिवात होतो, माणसाच्या आमवाताशी बराच मिळताजुळता. नोरिको आणि शिमोन साकागुची यांनी त्याचे मूळ शोधले आणि २००३ साली 'नेचर'मध्ये मांडले. दोष फॉक्सपी३मध्ये नव्हता. तो झॅप-७० या जनुकात होता, जे टी-पेशीच्या ग्राहीकडून आलेला संदेश आत पोचवते. संदेश क्षीण झाल्यामुळे थायमसमधील निवडच बिघडते. ज्या पेशी तिथेच मरायला हव्यात त्या वाचतात आणि सांधे पोखरतात. म्हणजे हे उदाहरण 'पहारेकरी नाहीत' यापेक्षा 'शिक्षणच चुकले' या बाजूचे, कॅप्लर-मॅरॅक यांच्या बाजूचे! शिवाय हेच उंदीर जंतुविरहित स्वच्छतेत ठेवले तर त्यांना संधिवात होत नाही. बुरशीच्या भिंतीतील एक शर्करा टोचली की सुरू होतो. जनुक बंदूक भरते, घोडा ओढणारे दुसरेच कुणी असते. हे दाखवणारा माणूस एकाच कल्पनेचा भक्त कसा म्हणावा?

सामान्य स्वयंप्रतिकार रोगांचे जनुकशास्त्रही तसेच गुंतागुंतीचे आहे. एकाच जनुकाने सारे घडवणारा आयपेक्स हा अपवाद. बालवयातील मधुमेह, आमवात यांसारख्या रोगांत अनेक जनुके थोडा थोडा हात लावतात, आणि सर्वांत मोठा हात अजूनही एचएलए या जुन्या ओळखीच्या विभागाचाच. पण त्या गर्दीत एक नाव वाचून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. २००५ साली केंब्रिजच्या जॉन टॉड यांच्या गटाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी ज्या जनुकविभागाचा संबंध दाखवला, त्यात सीडी२५चेच जनुक आहे. उंदराच्या अंगावर १९९५ साली शोधलेली खूण दहा वर्षांनी माणसांच्या रोगाच्या नकाशावर उमटली. हे काम करणाऱ्यांनी साकागुचींवर विश्वास ठेवून तिथे पाहिले नव्हते. रुग्णांचे आणि निरोग्यांचे डीएनए मोजून ते तिथे पोचले. हे दाद देण्याजोगे आहे. दंतकथा याला दाद देत नाही, कारण यात कुणी एकटा नाही.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. संशयापायी वर्षे वाया गेली, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. १९८५ ते १९९५ हा काळ लांबला. 'दडपणाऱ्या' हा शब्द उच्चारणे अवघड झाले होते आणि अखेर 'नियामक' हा नवा शब्द घ्यावा लागला. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे आय-जेच्या आगीत निशिझुका-पेनहेल परंपरेतील चांगले प्रयोगही काही काळ होरपळले. इतके मान्य. पण या हानीचा दावा लावायचाच तर तो कुणावर? आग विझवणाऱ्यांवर, की ज्यांनी खात्री न करता इमले चढवले त्यांच्यावर? सत्तरच्या दशकात थोडा अधिक संशय असता, तर ऐंशीच्या दशकात इतका लागला नसता.

मी एवढा वाद का घालतो आहे? कारण ही दंतकथा निरुपद्रवी नाही. 'साकागुचींनाही नाकारले होते' हे वाक्य आता अशा लोकांच्या तोंडी ऐकू येते, ज्यांच्यापाशी ना काढा-परत-द्या असा प्रयोग आहे, ना खूण, ना जनुक. आमवाताची बाई पुड्या घेऊन येते, त्या 'प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी' असतात, आणि पुडी देणाऱ्याला कुणी हटकले की तो स्वतःला नाकारलेल्या प्रतिभावंतांच्या रांगेत उभा करतो. तिचे सांधे खाणारी तीच शक्ती आहे, हे साकागुचींच्या कामाचे पहिले अक्षर. ते त्याने वाचलेले नसते. नाकारले जाणे ही पात्रता असेल, तर सर्वांत पात्र आय-जेच ठरेल.

मग साकागुचींचा मोठेपणा कशात? माझ्या लेखी तो २००३च्या त्यांच्या प्रयोगात आहे. शोहेई होरी आणि ताकाशी नोमुरा यांच्यासह त्यांनी तो 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. फॉक्सपी३ त्यांचे नव्हते. ते दुसऱ्यांनी, दुसऱ्या हेतूने, दुसऱ्या उंदरात शोधलेले होते. त्यांच्या सीडी२५च्या पेशींत ते आढळले नसते, तर वीस वर्षांच्या कामाला आय-जेच्या शेजारची जागा मिळाली असती. त्यांनी पेशी तपासल्या. फॉक्सपी३ होते. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांच्या अंगावर सीडी२५ नाही अशा साध्या, कोऱ्या टी-पेशी त्यांनी घेतल्या, विषाणूच्या वाहनातून त्यांत फॉक्सपी३ सोडले आणि त्या पेशी आता काय करतात ते पाहिले. त्या इतर पेशींना आवरू लागल्या होत्या. उंदरांत सोडल्यावर आतड्याचा आणि जठराचा रोगही थोपवत होत्या.